छज्ज्याखालची काळीपांढरी

ती कुंभारीण नव्हती. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण! मी पडले पुण्याची. पुण्याच्या माणसाला शहाणपणा फार, अशी राजाजीनगरातल्या या घराची ठाम समजूत आहे, आणि ती खोटी ठरावी असं मीही इतक्या वर्षांत काही केलेलं नाही.

माझ्या सासरचे लोक बंगळुरात कधी आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. तीन-चारशे वर्षं झाली म्हणतात. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं कालवलेलं, की लग्नानंतर पहिलं वर्षभर सासूबाई मला रागावताहेत की जेवायला बोलावताहेत हेच मला समजायचं नाही. आता समजतं. न समजण्यातच सुख होतं.

तर कुंभारीण. लांब बारीक कंबरेची ती गांधीलमाशी, तोंडातून ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीच्या कोपऱ्यात घर लिंपते. तिनं ज्या घरात घर केलं त्या घरात पाळणा हलतो, असं पुण्यालाही म्हणतात आणि इथंही. माझी आईसुद्धा जळमटं काढताना कुंभारणीच्या घराला कुंचा लावायची नाही. कुणाला गालगुंड झालं की त्याच रिकाम्या घराची माती कालवून गालाला लावायची. तेव्हा मी सासूबाईंच्या श्रद्धेला हसले असं कुणी समजू नये. मी फक्त एवढंच म्हणत होते, की बाई, ही ती नव्हे.

झालं असं, की आमच्या दारात एक करंज आहे. इथले लोक त्याला होंगे म्हणतात. त्याच्या फांद्या तारांना लागतात म्हणून उन्हाळा लागायच्या सुमाराला विजेच्या खात्याच्या लोकांनी त्या छाटल्या. जरा जास्तच छाटल्या. त्यामुळे आमच्या, म्हणजे माझ्या आणि नवऱ्याच्या, खोलीच्या खिडकीवरचा छज्जा गच्चीच्या जिन्यावरून उघडा दिसायला लागला. सासूबाई सांडगे वाळत घालायला वर चालल्या होत्या. जिन्यातूनच ओरडल्या.

"अगं ये की वर! अय्यो, नोड नोड! तुझ्या खिडकीवर कुंभारणीनं घर केलंय बघ!"

मी लॅपटॉप तसाच टाकून गेले. माझं ऑफिस व्हाइटफील्डला, पण आठवड्यातले बरेच दिवस मी घरूनच काम करते. मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद होता. छज्ज्याच्या खाली, भिंतीला चिकटून, तळहाताएवढा करडा मातीचा पोपडा होता. त्याच्या एका भोकातून एक माशी आत शिरत होती. काळीकुळकुळीत, सडपातळ, तोंडावर पांढरी लव, मागच्या पायांवर पांढरं, पोटावर पांढऱ्या रेघा.

"आई, ही कुंभारीण नाही," मी म्हटलं. "कुंभारणीच्या अंगावर पिवळं असतं. कंबर केवढी लांब असते तिची. ही तर काळीपांढरी आहे."

"इकडं अशीच असते," सासूबाई म्हणाल्या.

संपला विषय. पुण्यात पिवळी, बंगळुरात काळीपांढरी. हवापाण्याचा फरक असेल.

आता हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतलं ते सांगायला हवं. त्याआधी मूल राहावं म्हणून डॉक्टरांकडे आमचं तीनदा करून झालं होतं. पोटात सुया, मांडीत सुया, सुजलेलं तोंड, दर वेळी तोच हिरवा झगा आणि तेच थंडगार टेबल. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा, आदल्या उन्हाळ्यात, राहिलं. सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणाला धारवाडला गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. आणि तिसरा महिना पुरा व्हायच्या आत ते गेलं. कसं गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही.

हॉस्पिटलातून निघालो तेव्हा नवऱ्यानं गाडी चालू केली नाही. पार्किंगमध्ये तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "बास. आता नाही. आपण दोघं आहोत ना, पुष्कळ झालं. आईला मी सांगतो." लग्नात त्यानं मंगळसूत्र घातलं तेव्हा मला एवढं भरून आलं नव्हतं. त्या 'बास'वर मी पुढचं वर्ष काढलं. झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं, आरशात बघितलं तर माझंच तोंड दिसायला लागलं. आईला मात्र त्यानं सांगितलं नाही. वेळ बघून सांगतो, म्हणायचा. वेळ काही त्याला दिसली नाही, आणि आईंना कुंभारीण दिसली.

मग काय विचारता! पहिला हुकूम सुटला तो खिडकीचा. ती उघडायची नाही, कुंभारणीला धक्का लागेल. आमचं घर जुन्या बंगळुरातलं, बंगळुरात एसी कशाला लागतो असं म्हणणाऱ्या लोकांनी बांधलेलं. त्या वर्षी उन्हाळा असा पडला, की भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. खोलीला खिडकी एकच. मी बंद खिडकीपाशी पंख्याखाली बसून व्हाइटफील्डवाल्यांशी हिंदीत बोलायची, आणि घाम गळ्यापासून पाठीपर्यंत वाहायचा. सासूबाई दारात येऊन म्हणायच्या, "स्वल्प सोस की. बाळासाठी बायका काय काय सोसतात."

कुठलं बाळ? कुणाचं बाळ? ओठांपर्यंत यायचं. पण मूग गिळून बसायची, कारण सांगायचं काम नवऱ्याकडे होतं.

आठवडाभरात गल्लीला कळलं. समोरच्या अक्का आल्या, कोपऱ्यावरच्या अक्का आल्या, सगळ्या गच्चीच्या जिन्यात उभ्या राहून माझ्या बेडरूमच्या खिडकीकडे बघायच्या आणि मग माझ्या पोटाकडे बघायच्या. सासूबाईंनी जिन्यातूनच छज्ज्याच्या दिशेनं हळदकुंकू उडवलं. उगादीला, म्हणजे पाडव्याला, कडुनिंब आणि गूळ वाटतात, कडू आणि गोड दोन्ही सारखंच घ्यायचं असतं. मला त्यांनी नुसता गुळाचा खडा दिला. म्हणाल्या, "तुला आता कडू बेडा." नको कडू. मला त्यांचा राग यावा तर तोही धड येईना. इतक्या आनंदात मी त्या बाईला कधी पाहिलंच नव्हतं.

नवरा आधी हसला. तो बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा, ही त्याची नोकरी, आणि घरी भाजीतलं मीठसुद्धा तो त्याच नजरेनं बघतो. असला माणूस माशीला काय भुलणार, असं मी धरून चालले होते. मग एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला, "डॉक्टर म्हणत होते, अजून एकदा करता येईल."

"कधी म्हणत होते?"

"फोन केला होता मी."

"कुणी सांगितलं होतं करायला?"

तो खिडकीकडे बघायला लागला. "आईचं बघ ना, केवढी खूश आहे. आणि असंही काहीतरी असतं ना गं. उगाच नाही येत ती. एकदाच. शेवटचं."

मला त्या वेळी जो संताप आला तो आजही गेलेला नाही. सुया कुणाला टोचायच्या होत्या? टेबलावर कुणाला झोपायचं होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं, पण याचंही जळालं होतं की माझ्याबरोबर! पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता तो माणूस कोण होता मग? मी विचारलं. तो म्हणाला, "तू लगेच चिडतेस." डॉक्टरांकडची वेळ त्यानं घेऊनच ठेवलेली होती, पुढच्या महिन्यातली.

तेव्हा मी ठरवलं, की ही माशी कोण आहे हे शोधून काढायचं. याला पुरावा लागतो ना? मग पुरावाच देऊ. माल वेगळा निघाला की हा परत पाठवतो. कुंभारीण नाही असं कागदावर आलं, की वेळ रद्द. आता विचार केला की माझंच मला हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीरपणे या कामाला लागले.

नेटवर शोधलं तर काळ्यापांढऱ्या गांधीलमाश्या पुष्कळ निघाल्या, पण सगळ्या अमेरिकेतल्या. तिकडे एक चेंडूएवढं कागदी पोळं करणारी आहे, पांढऱ्या तोंडाची. ती ही नव्हे. मग मी काचेआडून नुसती बघत बसायला लागले. दुपारी जेवणानंतर ती हमखास यायची. घर बांधायला मातीची गोळी तिनं कधी आणलेली मी पाहिली नाही. आणायची ते कोळी. बारकेबारके, पाय आखडलेले, मेल्यासारखे कोळी पोटाशी धरून आणायची आणि त्या भोकात भरायची. एक भोक भरलं की तेवढ्यापुरता चिखल कुठूनसा आणून तोंड बुजवायची आणि शेजारच्या भोकाला लागायची. मला ती आवडायला लागली होती, हे कबूल करते. त्या घरात कुणाचंही न ऐकता आपलं काम करणारी ती एकटीच होती.

जिन्यातून, खिडकीतून, मिळेल तिथून मी तिचे फोटो काढले. किडे ओळखणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात टाकले. आधी नेहमीप्रमाणे एकानं कुठला स्प्रे मारायचा ते सांगितलं, एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, एकानं माझ्या छज्ज्याला रंगाची गरज आहे हे सुचवलं. मग दोन दिवसांनी एका अनोळखी बाईंचं सविस्तर उत्तर आलं. इंग्रजीत होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं, की पाठच झालं.

त्यांनी लिहिलं होतं, की ही गांधीलमाशी आहे पण मातीचं घर बांधणारी नाही. ही दुसरीनं बांधून सोडलेल्या जुन्या घरात शिरते, त्यातल्या रिकाम्या खोल्यांत कोळी भरून अंडी घालते आणि फक्त दार लिंपते. माणसाच्या वाटेला जात नाही. फोटोतलं मूळ घर पिवळ्याकाळ्या कुंभारणीचंच आहे, मात्र ताजं नाही. पिल्लं बाहेर पडल्याची गोल भोकं दिसताहेत, तेव्हा बहुधा गेल्या उन्हाळ्यातलं असावं. एका बाजूची माती पाण्यानं धुऊन गेल्यासारखी वाटते.

मी जिंकले होते! असं मला वाटलं. रविवार होता. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, सारभात झाला होता, दहीभात कालवायचं चाललं होतं. मी फोन काढला आणि म्हटलं, "ऐका." आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. सगळं वाचलं. एकही वाक्य गाळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवरा ऐकत होता. सासूबाईंचा हात ताटात थांबला.

"गेल्या उन्हाळ्यातलं?" त्या म्हणाल्या.

"हो. जुनं आहे आई. ही नुसती राहायला आलीय त्यात. कुंभारीण नाहीच ही. मी म्हणत होते ना?"

"म्हणजे कुंभारीण आली होती," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होत्या. "गेल्या उन्हाळ्यात आली होती. मी धारवाडला होते. तेव्हाच राहिलं होतं तुला. होय की नाही?"

मी इतके दिवस त्या माशीचे पाय आणि पट्टे बघत होते, आणि हा साधा हिशेब मला सुचला नव्हता. त्यांना मात्र भात हातात असताना सुचला.

"ते पाण्याचं काय लिहिलंय? परत वाच."

मी वाचलं नाही. नवऱ्यानं माझ्यापुढचा फोन उचलला आणि वाचला.

"वळवाचा पाऊस असेल," मी म्हटलं. "तिरका येतो तो."

"छज्ज्याखाली कुठला पाऊस? आणि पुढं केवढं झाड होतं." सासूबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तूच धुतेस खिडक्या, पाइप लावून. सारखं धू, सारखं पूस, पुण्याची स्वच्छता तुझी! आलेलं बाळ गं. देवानं सांगून पाठवलेलं. घर मोडलंस तू तिचं."

"आई, काहीतरी काय बोलताय?" मी म्हटलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. आता हा बोलेल. आता तरी हा बोलेल, की आई, पुरे. एवढंच दोन शब्दांचं काम होतं.

तो फोनमधला फोटो बोटांनी मोठा करून बघत होता. धुऊन गेलेली बाजू. कारखान्यात खराब माल बघतो तसा अगदी जवळून. मग मान वर करून त्यानं मला विचारलं, "धुतली होतीस का तू तेव्हा खिडकी?"

मला आधी वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

सासूबाई रडायला लागल्या होत्या. डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावून म्हणत होत्या, "घर मोडलेल्या बाईकडं ती परत जात नाही. माझी अव्वा सांगायची. आता कितीही सुया मारून घेतल्या तरी काय होणार नाही. कशाला जायचं परत तिथं? बेडा. सोडून दे."

त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं. पुन्हा मनात म्हणून बघितलं. कितीही सुया मारून घेतल्या तरी. कशाला जायचं परत तिथं. वर्षभर नवऱ्याच्या तोंडून जे बाहेर पडलं नाही, ते त्या बाई रडता रडता आपणहून देत होत्या. फक्त घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "धुतली होती. पाइप लावून."

सासूबाई ताटावरून उठल्या. नवऱ्यानं उरलेला दहीभात संपवला, कारण अन्न टाकायचं नाही ही त्याची शिस्त आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं बाहेरच्या खोलीत उभं राहून फोन केला. "सरी, सरी, कॅन्सल करा," असं त्याला म्हणताना मी ऐकलं.

तेव्हापासून माझ्यापुढे कुणी सुईचं नाव काढलेलं नाही. माझी खिडकी उघडी असते. ती काळीपांढरी आपली दारं बुजवून निघून गेली, त्या मातीच्या घराकडे आता कुणी बघत नाही. सासूबाई माझ्याशी वाईट वागत नाहीत. ताट वाढतात, ताप आला तर डोक्यावर हात ठेवतात. फक्त समोरच्या अक्कांच्या सुनेची ओटी भरायची होती तेव्हा मला म्हणाल्या, "तू स्वल्प आतच बस." मी आत बसले. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, की पुण्याच्या सुनेनं कुंभारणीचं घर मोडलं. भाजीवालीलासुद्धा ठाऊक आहे. हे सगळं मी सोसते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीच घेतलं ते अंगावर.

तक्रार आहे ती वेगळीच. त्या आदल्या उन्हाळ्यात, राहिलेलं असताना, मला थोडं रक्त दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की आता पलंगावरून उतरायचं नाही. बादली उचलायची नाही, हात वर करायचे नाहीत, बाथरूमला जायचं तेही धरून. नवऱ्यानं कारखान्यातून रजा घेतली होती. तोच मला धरून न्यायचा, तोच पाठीला उशी लावायचा, तोच केस विंचरून द्यायचा, वेणी घालता यायची नाही म्हणून नुसता रबर लावायचा. शेवटच्या दिवसापर्यंत मी त्या पलंगावर होते, आणि तो माझ्या उशाशी होता. त्या खिडकीला मी हात लावलेला नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.